तबला गप्प होता तेव्हा

ही फार जुन्या काळची गोष्ट नाही. मिरजेत, सतारी घडवणाऱ्यांच्या गल्लीमागे, एक वृद्ध ध्वनिमुद्रक राहत असत. सगळे त्यांना तात्या म्हणत. रेवती त्यांच्याकडे काम शिकायला आली आणि तिथेच रमली. तात्यांचा कान काय चीज आहे, हे गावातल्या कुणाही कलावंताला विचारावं. तंबोऱ्याची एक तार जरा उतरली तरी त्यांना रस्त्यावरून कळतं, असं लोक सांगत, आणि रेवतीला त्यात तसूभरही अतिशयोक्ती वाटत नसे.

एके सकाळी संगणक उघडताच पडद्यावर सूचना आली. ज्या सॉफ्टवेअरवर तात्यांची अर्धी कारकीर्द गेली होती, ते बनवणाऱ्या परदेशी कंपनीने गाशा गुंडाळला होता. महिनाअखेरीनंतर ते उघडणार नव्हतं, आणि त्यात साठवलेलं काम दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हतं. दस्तगीरचाचांची सारंगी त्यातच होती.

दस्तगीरचाचांचं सारं आयुष्य सारंगीवर गेलेलं. तात्यांनी त्यांचे निवडक राग ध्वनिमुद्रित केले, आणि पुढे काही महिन्यांतच चाचांच्या हाताला कंप सुटला. सारंगीचा गज त्यांनी खाली ठेवला तो कायमचा. म्हणजे जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि त्यावरही शेवटचा हात फिरवायचा राहिला होता.

रेवतीने कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. तात्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या, चहा संपवला आणि म्हणाले, "झालं? चल, सामान हलवायला घेऊ."

सारंगी, तबला, तंबोरा यांच्यासमोर निरनिराळे माइक ठेवून प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घेतलेला होता. एकेक ट्रॅक साध्या फाईलमध्ये बाहेर काढायचा, मग तो कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये वाजतो. काम सरळ होतं. पण तात्यांची रीत पाहून रेवती चक्रावली. आलाप लांबलचक, तबला कितीतरी उशिरा येणारा. तरी ते तबल्याचा ट्रॅकसुद्धा अगदी पहिल्या क्षणापासून बाहेर काढत. वर तो निघत असताना कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत बसत. तबलजीने अजून तबल्याला बोटही लावलेलं नसे, आणि हे गृहस्थ मैफलीत बसल्यासारखे मान डोलवत.

"तात्या, इथे काहीच नाहीये."

"असं म्हणतेस?"

"दिवस थोडे राहिलेत. ही पोकळी कशाला वाहून न्यायची? कापून टाकू."

तात्या नुसते हसले आणि त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. आश्चर्य म्हणजे, वर्षानुवर्षं जमवलेल्या स्वतःच्या करामती ते खुशाल मागे सोडत होते. सुरांना दिलेला घुमारा, तो जागच्या जागी बसवण्यासाठी घालवलेले दिवस, यातलं काही नव्या सॉफ्टवेअरमध्ये येणार नव्हतं. रेवती त्यासाठी हळहळली, तर म्हणाले, "अगं, तो माझा साज होता. पुन्हा चढवू." आयुष्याची कमाई इतक्या सहजपणे बाजूला ठेवणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. पण तोच माणूस रिकाम्या ट्रॅकसाठी एवढा हटून बसावा, हे काही तिच्या पचनी पडेना. वयाचा परिणाम असावा, अशी तिने मनाची समजूत घातली.

तिच्या वाट्याला मारवा राग आला होता. तिने आपली अक्कल चालवली. तबला सुरू होतो तिथून त्याचा ट्रॅक बाहेर काढला, आधीचा मोकळा भाग कापला, आणि काम झटपट उरकलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिने सारंगीखाली तबला ठेवला तेव्हा दोन्ही एकदमच वाजू लागले. मग तबला सरकवत सरकवत अंदाजाने पुढे नेऊन बसवला. किंचित कुठेतरी खटकत होतं. पण चालेल, इतकं बारीक कोण ऐकतंय, असं तिने ठरवून टाकलं.

ऐकणारा दुसऱ्याच दिवशी आला. दस्तगीरचाचा खुर्चीत टेकले आणि नेमका मारवाच लावा म्हणाले. आलाप सुरू झाला तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांचा कापरा हात मांडीवर ताल धरायला सज्ज झाला. तबला आला. चाचांचं बोट समेसाठी उचललं गेलं आणि अधांतरी थबकलं. पुढच्या आवर्तनालाही तेच. त्यांनी बोट मिटून घेतलं.

"पोरी, हा मीच का?"

"हो, चाचा. तुम्हीच."

"मग तेव्हाच हात गेला होता म्हणायचा," चाचा म्हणाले. "मला वाटत होतं, निदान एवढं तरी चांगलं वाजवून गेलो."

रेवतीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तात्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, तिला सगळं समजलंय हे त्यांना समजलं. ते चाचांना म्हणाले, "दस्तगीर, आमचं सामान अजून पुरतं लागलेलं नाही. तू बस. चहा घे." आणि तिला जुन्या संगणकाकडे खुणावलं. महिना संपायला अजून अवकाश होता.

रेवतीने जुनं सॉफ्टवेअर उघडलं, मारव्याचा तबला पहिल्या क्षणापासून लावला आणि तात्यांसारखे हेडफोन चढवले. प्रथम खरोखरच काही नव्हतं. मग तिला तबलजीचा श्वास ऐकू आला. जाड पडद्यापलीकडून झिरपत आलेली सारंगी ऐकू आली, अगदी पुसट. सारंगीच्या एका जागेवर तबलजी पुटपुटला, "क्या बात है, चाचा." पुढे त्याने अंगरख्याची बाही सारली, हात वर घेतला, आणि पहिली थाप पडली. रेवतीचे डोळे भरून आले.

तात्या तिच्या मागे उभे होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "तबलजी रिकामा बसला नव्हता गं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने आपली जागा पकडली. ते ऐकणं तू कापलंस, मग त्याने नेमकं कधी यायचं हे त्याला कोण सांगणार? सॉफ्टवेअर आज हे, उद्या ते. माझी बटणं गेली, त्याचं मला काही वाटत नाही. पण सगळ्यांना एकाच क्षणापासून उचलून न्यायचं. जो वाजवतोय त्याला, आणि जो गप्प आहे त्यालाही."

रेवतीने ती फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. सारंगी, तंबोरा, तबला, तिन्ही आरंभाच्या एका रेषेवर ठेवले. सरकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने चाचांकडे न बघता मारवा लावला.

आलाप झाला. तबला उठला. मांडीवर मिटलेलं बोट हळूच सुटं झालं, वर गेलं, आणि समेवर पडलं. पुन्हा पडलं. मग चाचा तात्यांकडे वळून, लहान मुलासारखे खुश होऊन म्हणाले, "अरे, बरोबर वाजवलं होतं की मी!"

रेवतीने वाकून दोघांच्याही पायांना हात लावला. राग संपेपर्यंत खोलीत कुणी जागचं हललं नाही. नंतर तात्या नव्या पडद्यासमोर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं, आता मला शिकव. घुमाऱ्याचं बटण यात कुठं असतं?"