सारजा कासारणीचे रडू

एका राज्यात एक राजा होता, आणि राज्यात जे जे होते ते सारे त्याचेच होते. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, राजाचेच असायचे. तसे नव्हे, नीट ऐका. त्या राज्यात सारजा कासारणीचे हातसुद्धा सारजेचे नव्हते.

झाले होते असे. राजा अजितकेतू तरुणपणी भारी गर्विष्ठ. पुरात वाहून चाललेल्या एका मांत्रिकाला त्याने वाचवून वाड्यावर आणले. मांत्रिक म्हणाला, "वर माग." राजा म्हणाला, "या राज्यात ज्याचे जे असेल ते माझे व्हावे." मांत्रिकाने कपाळाला हात लावला. "दिला वर," तो म्हणाला. "पण लोकांच्या तोंडून तसे वदवून घ्यावे लागेल. आणि एकाने जरी आपले असलेले धीराने परत घेतले, तर मंत्राची गाठ सुटेल." एवढे बोलून तो निघून गेला.

दवंडी फिरली. कोणी काहीही करो, ते राजाचे म्हणून बोलायचे. महाराजांचे हात धुतले, महाराजांची भाकर खाल्ली, महाराजांचे डोळे मिटले. लोक आधी गालातल्या गालात हसले. मग जिभेला वळण पडले आणि मंत्र लागला. 'माझे' म्हणू जावे तर जीभ लाकडासारखी जड होई.

आणि बघा तऱ्हा, लोकांना ते आवडू लागले. पायात काटा रुतला तर कळ राजाला. म्हातारा बाप गेला तर हुंदका राजाला. घरोघरी डोळे कोरडे. शेजारच्या मुलुखात बोलबाला झाला की काय ही सुखी प्रजा. मला विचाराल तर असले सुख चुलीत घाला.

सारजा गावोगाव फिरून बांगड्या भरायची. तिची लेक वेणू पुढे पळत जाऊन, कासारीण आली म्हणून आळीभर ओरडायची. ती वेणू तापाने गेली. सारजेने तिला न्हाऊ घातले, ओढ्याकाठी माती दिली, घरी येऊन भाकर थापली आणि रडू येण्याची वाट पाहत बसली. रडू आले नाही. छातीत नुसते रिकामे, धुऊन पालथ्या घातलेल्या मडक्यागत.

शेजारची भागूबाई म्हणाली, "सुटलीस बाई. महाराज रडतील तिच्यासाठी."

"त्यांनी तिला पाहिलीसुद्धा नव्हती," सारजा म्हणाली, आणि उठून राजवाड्याची वाट धरली.

राजा सिंहासनावर बसून रडत होता. साऱ्या राज्याचे रडू त्याच्या डोळ्यांतून वाहत होते, आणि सेवक पाण्याची घंगाळी भरभरून बाहेर ओतत होते.

"महाराज, वेणूसाठी आपण रडलात का?" सारजेने विचारले.

"कोण वेणू?"

"कासारणीची पोर."

"रडलो असेन. राणी गेली त्या दिवशीही रडलो. पण एवढ्या लोटात तिच्यासाठीचे आसू कोणते, ते मलाच कळले नाही."

"वेणूचं रडू परत द्या, महाराज."

"देता आले असते तर केव्हाच दिले असते, बाई. मी घेऊन बसलो आहे. सोडवून न्यायचे तर ज्याचे त्याने न्यावे."

सारजा माघारी फिरली. देवडीवर एका पिंजऱ्यात राखाडी रंगाचा, तांबड्या शेपटीचा पक्षी होता. कोणा व्यापाऱ्याने तो सातासमुद्रापलीकडून, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मुलखातून आणला होता. परमुलखाचा म्हणून मंत्र त्याला लागला नव्हता.

"थांब," पक्षी म्हणाला. "वर दिला त्या दिवशी मी इथेच होतो. गाठ कशी सुटते ते मला ठाऊक आहे."

"सांग."

"नुसते 'माझे' म्हणशील तर जीभ उचलणार नाही. माझ्या मुलखात तो शब्द एकटा हिंडत नाही, कामाच्या जोडीने चालतो. तिथला माणूस दात घासतो तर माझे दात घासले म्हणतो. श्वास रोखला तर माझा श्वास, वाट चुकली तर माझी वाट, मन बदलले तर माझे मन. जे केले, जे सोसले, त्याच्या शेजारी धनी उभा असतो. तूही काम करता करता बोल."

"कोणतं काम?"

"तीन कामे आहेत. नदीवर हात धू. मग रानातून एकटी जा. तिसरे तू एकदा केलेलेच आहेस. ओढ्याकाठी जाऊन तेच पुन्हा कर, पण आपले म्हणून. मात्र ऐक, तिथून मागे फिरलीस तरी तुला कोणी नावे ठेवणार नाही."

सारजा नदीवर गेली. पाण्यात हात घातले, चोळले, आणि चोळता चोळता जीभ रेटून म्हणाली, "मी माझे हात धुतले." जीभ उचलली. त्यासरशी इतक्या वर्षांत हातांत गेलेली काच एकदम दुखू लागली. बोटे ठणकली, तळव्यांची आग झाली. सारजा हात पोटाशी धरून बसली. पण हात तिचे होते.

मग ती रानात शिरली. वेलींच्या गुंत्यात वाट चुकली आणि ती म्हणाली, "मी माझी वाट चुकले." तशी आजवर न लागलेली भीती लागली. विधवा बाईमाणसाने पोर काखोटीला मारून एवढी वर्षे कशी काढली, तो सगळा शीण अंगावर आला. सारजेला वाटले, परत जावे. भागूबाई सुखाने भाकर खात असेल. ती तशीच पुढे गेली.

ओढ्याकाठी ती इवली जागा होती. सारजा गुडघ्यांवर बसली. मूठभर माती उचलली, पण हात पुढे होईना. पक्ष्याने का बजावले ते आता तिला कळले. हे परत घेतले की जन्मभर सांभाळायचे. पण तिने नाही घेतले तर वेणू कोणाचीच राहणार नव्हती. सारजेने माती घातली.

"मी माझ्या लेकीला माती दिली," ती म्हणाली.

आणि सारजा रडली. कशी रडली ते मी सांगणार नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको.

त्या क्षणी राजवाड्यात राजाचे डोळे थांबले. गाठ सुटली होती. राज्यात घरोघर ज्याचे त्याचे रडू परतले. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, कोणाचे पाळण्यातले पोर, सगळे एकाच दिवशी पुन्हा गेले. भागूबाई केस मोकळे सोडून ओढ्यावर आली.

"काय केलंस हे, सारजे? दोन ल्योक गेले होते गं. मी त्या दिवशी लाडू वळले होते." आणि सारजेच्या शेजारीच ती मटकन खाली बसली.

मागोमाग राजा आला, अनवाणी. भागूबाई पदर सावरून उठू लागली, त्याने तिला बस म्हणून खुणावले.

"कशी होती तुझी लेक?" त्याने सारजेला विचारले.

"लबाड होती, महाराज. बांगडी हाताला घट्ट होत असली तरी छान बसली म्हणायची. बाया हसून घ्यायच्या."

राजा त्या मातीशेजारी बसला आणि म्हणाला, "राणीला हसू आवरायचे नाही. भर दरबारात तोंडाला पदर लावायची." एवढे बोलून तो रडू लागला. एकाच माणसासाठी रडण्याची ती त्याची पहिली वेळ होती.

राजाने दवंडी मागे घेतली, पिंजरा उघडला, आणि पक्षी समुद्राकडे उडून गेला. ज्याचे हात त्याला मिळाले, ज्याची भाकर त्याला मिळाली. राज्य सुखी झाले असे मी म्हणणार नाही, पण ते पुन्हा माणसांचे झाले. सारजा बांगड्या भरता भरता मध्येच डोळे पुसायची. बायका विचारायच्या, काय झाले गं, आणि ती सांगायची, "काही नाही. माझी लेक होती."