सतरा नंबरची पाटी

एका गावात तुतीची सरकारी बाग होती आणि त्या बागेत एक भोळा माळी होता. नाव गेनू. बागेच्या प्रमुख मालनताईंनी डोंगरदऱ्या पालथ्या घालून तुतीचे चाळीस वाण तिथं जमवले होते. प्रत्येकाचं एकच झाड, झाडावर नंबराची पाटी. मंजूर माळी पाच. वरच्या कचेरीनं दिला एक. तो हा.

गावातली तुती मूळकुजीनं वाळत होती. पाला नाही तर रेशमाच्या अळ्या उपाशी. मूळकुजीला दाद न देणारा वाण एकच, सतरा नंबरचा. त्याचीच कलमं गावाला द्यायची होती.

ताई म्हणाल्या, "गेनू, रोपांच्या वाफ्यात जोमदार तेवढं ठेव. बाकीचं उपट."

गेनूनं चोख केलं. मग तो अळ्यांच्या शेडमध्ये शिरला. सगळ्यात लठ्ठ अळी ठेवली, बाकीच्या कोंबड्यांना घातल्या.

"अरे कर्मा! लहानमोठं सगळं जपायचं असतं!"

"आधी सांगायचं ना, ताई."

दुसऱ्या दिवशी त्याला बाग साफ करायला धाडलं. गेनूनं सगळं जपलं. बाभळीला आळं केलं. गाजरगवताला खत घातलं.

ताईंनी कपाळावर हात मारला. "ज्याला पाटी नाही ते सरपण! मुळासकट काढायचं!"

"आधी सांगायचं ना, ताई."

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. पाट्या खडखडू लागल्या. ताईंना चार दिवस तालुक्याला जायचं होतं. त्यांनी बजावलं, "पाट्यांना जिवापाड जप. एक जरी हरवली तर सगळी मेहनत मातीत!"

गेनूनं चाळीसच्या चाळीस पाट्या सोडवल्या. पुसल्या, तेल लावलं, ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. किल्ली कमरेला. मग त्यानं बागेकडे पाहिलं. एकाही झाडाला पाटी नव्हती.

"एवढं सरपण! अन् माणूस मी एकटा!"

पण गेनू कामचुकार नव्हता. त्यानं कुऱ्हाड आणि पहार काढली.

चार दिवसांनी ताई गावकऱ्यांना घेऊन आल्या. फाटकातच थबकल्या. समोर नुसती माती.

"गेनू... सतरा नंबर कुठंय?"

गेनूनं ऐटीत ट्रंक उघडली. सतरा नंबरची पाटी लखलखत होती.

"झाड, गेनू! झाड कुठंय?"

"बरंचसं गुऱ्हाळावर पोचवलं, ताई." गेनूनं चुलीत एक लाकूड सारलं. "हे सतरा का अठरा, कोण जाणे. पाटीच नव्हती. पण चहा काय झकास उकळतोय! बसा की!"