गोगुलीचं खडूचं फूल

सांगा बरं, भरवसा कुणाचा धरावा? उंच असेल त्याचा? चकचकीत असेल त्याचा? की नीट बघेल त्याचा?

आमच्या गोगुलीला हे ठाऊक नव्हतं. गोगुली म्हणजे गोगलगाय. एवढीशी. वाटाण्याएवढी.

शाळेत आज नाटक होतं. गोगुलीला त्यात काम होतं. रंगमंचावर खडूचं एक फूल काढलं होतं. तिथं उभं राहायचं. शिंगं वर करायची. म्हणायचं, "उजाडलं!" बस्स. एवढंच काम.

आई बघायला येणार होती. पण आईही गोगलगायच! सकाळीच निघाली, तरी पोचणार सगळ्यांच्या मागून. तिला शेवटचीच रांग मिळणार.

गोगुली आली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बघते तर काय? फूल नाही! फुलावर पुठ्ठ्याचा डोंगर बसलेला. हा एवढा!

"डोंगरदादा, डोंगरदादा, सरक ना! मी आईला दिसेना."

डोंगर म्हणाला, "छे गं! मला झाड टेकलंय. झाड हललं, तर मी सरकेन."

गोगुली गेली झाडाकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"झाडदादा, झाडदादा, हल ना! डोंगर सरकेना, मी आईला दिसेना."

झाड म्हणालं, "छे गं! माझ्या पायावर झोपडी बसलीय. झोपडी उठली, तर मी हलेन."

गोगुली गेली झोपडीकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"झोपडीताई, झोपडीताई, ऊठ ना! झाड हलेना, डोंगर सरकेना, मी आईला दिसेना."

झोपडी म्हणाली, "छे गं! माझ्या दारात नदी पसरलीय. नदी वळली, तर मी उठेन."

नदी म्हणजे निळं कापड हं. लांबच लांब. गोगुली गेली नदीकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"नदीताई, नदीताई, वळ ना! झोपडी उठेना, झाड हलेना, डोंगर सरकेना, मी आईला दिसेना."

नदी म्हणाली, "छे गं! उजेड इथं मध्येच आहे. कडेला अंधार. अंधारात जाऊन काय करू? दिवा फिरला, तर मी वळेन."

दिवा होता उंच खांबावर. गोगुली चढली. सुळुक सुळुक... घसरली. पुन्हा चढली. सुळुक सुळुक.

"दिवादादा, दिवादादा, फिर ना! नदी वळेना, झोपडी उठेना, झाड हलेना, डोंगर सरकेना, मी आईला दिसेना."

दिवा म्हणाला, "फिरलो असतो गं राणी. पण मुलांनी मान आवळलीय माझी. मुलांनी ऐकलं, तर मी फिरेन."

मुलं खाली भांडत होती. कस्तुरी म्हणाली, "झोपडी मी केली. ती मध्ये!" भार्गव म्हणाला, "डोंगर माझा. मध्येच हवा!"

अहो, आमच्या बाजारात एक भोपळेवाला आहे. सगळे भोपळे मध्ये रचतो. मग गिऱ्हाइकाला मिरच्या दिसतच नाहीत. तस्सं झालं इथं!

गोगुली उतरली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"मुलांनो, मुलांनो, ऐका ना! दिवा फिरेना, नदी वळेना, झोपडी उठेना, झाड हलेना, डोंगर सरकेना, मी आईला दिसेना."

"ए, पायाखाली येशील ना गं!" भार्गव म्हणाला. "बाजूला हो बघू. बाईंनी सांगितलं, तर आम्ही ऐकू."

गोगुलीचे डोळे भरले. तरी गेली. सुळुक... सुळुक...

सुमेधाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्याच नाटक शिकवायच्या.

"बाई, बाई, सांगा ना! मुलं ऐकेनात, दिवा फिरेना, नदी वळेना, झोपडी उठेना, झाड हलेना, डोंगर सरकेना, मी आईला दिसेना."

बाईंनी तिला तळहातावर घेतलं. "रडायचं नाही गं बाळा. सांगून कशाला? दाखवूया!"

बाईंनी तिला खांद्यावर ठेवलं. टाळी वाजली. टाप्! "मुलांनो, इकडे या. शेवटच्या रांगेत बसा. आता डोळे अर्धे मिटा. काय दिसतं?"

मुलांनी डोळे बारीक केले.

"ढीग!" कस्तुरी म्हणाली. "नुसता मोठा ढीग!"

"माझा डोंगर कुठंय?" भार्गव म्हणाला.

"आणि गोगुलीच्या आईला गोगुली कुठं दिसेल?" बाईंनी विचारलं.

मग भार्गव हळूच म्हणाला, "चला रे. जागा करूया."

आणि मग काय!

मुलांनी ऐकलं. कर्र कर्र, दिवा फिरला. उजेड कडेपर्यंत गेला.

दिवा फिरला, सळ्ळ सळ्ळ, नदी वळली. वाकडी वाकडी, छान छान.

नदी वळली, धप्प, झोपडी उठली. डावीकडे बसली.

झोपडी उठली, सर्र सर्र, झाड हललं. उजवीकडे गेलं.

झाड हललं, घर्र घर्र, डोंगर सरकला. मागे, लांब, निळा निळा.

डोंगर सरकला, आणि मध्ये उरली मोकळी जागा. मोकळ्या जागेत खडूचं फूल. फुलावर गोगुली!

पडदा उघडला. गोगुलीनं शिंगं वर केली.

"उजाडलं!"

शेवटच्या रांगेत आई नुकतीच पोचली होती. धापा टाकत होती. तिनं मान वर केली.

"अगंबाई! दिसली! ती बघा, माझी गोगुली!"

आता बाळांनो, हिशोब तुमच्याकडे. गोगुलीसाठी कुणी कुणी जागा केली? एकेकाचं एकेक बोट मोजा. कुणाला गाळू नका. जागा न करणाऱ्याचं बोट धरू नका. हिशोब अगदी खरा ठेवा हं!