मालकासकट जाणारं काम

“…पण बाई, या भाषेत फर्स्ट-क्लास फंक्शन्स खरोखर आहेत की नाहीत, एवढंच सांगा.”

ओकबाईंनी शेगडीवरच्या मुरांब्यावरून नजर काढली नाही. जन्मभर प्रोग्रामिंग शिकवलं, जन्मभर असल्या भांडणांत पंच म्हणून बसल्या. निवृत्त होऊन वाईला आल्या, तरी भांडणं पत्ता शोधत येतच होती. आज त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याची, इंद्रजितची पाळी होती.

“म्हणजे काय, ते तूच सांग.”

“फंक्शन म्हणजे नेमून दिलेलं एक काम. ते आकड्यासारखं उचलून दुसऱ्याच्या हाती देता आलं पाहिजे. त्यानं ते हवं तेव्हा करावं. आमच्या भाषेत नुसतं काम जातच नाही. सोबत त्याच्या मालकाला धाडावं लागतं.”

“मग?”

“मग ही भाषा टाकायची, सगळं नव्यानं लिहायचं. आमच्या ऑफिसातली फरिदा म्हणते, चालतंय ते मोडू नका. या वादापायी दोघं नोकरी सोडून गेले. आता तीही जायचं म्हणते. तुम्ही निकाल दिलात तर ऐकेल.”

फरिदा गेली तर सगळाच गाडा त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडणार होता, आणि तो आताच मेटाकुटीला आला होता. झोप अशी कित्येक दिवसांत लागली नव्हती.

बाईंनी हातातला डाव त्याच्या हातात दिला आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

इंद्रजित मुरांबा ढवळू लागला.

“बाई, पाक झाला का बघता जरा?”

“तू आहेस ना तिथं.”

…

फोन वाजला. फरिदाच होती. ऑफिसात काहीतरी अडलं होतं. दुरुस्ती तिला ठाऊक होती, फक्त करू का म्हणून विचारत होती.

“नको. हात लावू नकोस. मी आल्यावर बघतो.”

हे तो रोजच सांगायचा, त्यामुळे त्याचं त्याला काही वाटलं नाही. फोन ठेवून तो पुन्हा ढवळू लागला.

ओसरीवर बाईंना सगळं ऐकू गेलं होतं.

“बाई, मग काय सांगू तिला? आहेत की नाहीत?”

“भाषेचं राहू दे रे,” बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. “आधी तू दोन दिवस आजारी पडून दाखव.”