आखूड आसाचा रथ

फार मागे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरीत एक वृद्ध रथकार राहत असे. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत त्या प्रांतातील पाच नगरींत रथांच्या पाच शर्यती होत. रथकाराने घडवलेला रथ त्याचा भाचा हाकीत असे. भाचा लहानपणीच पोरका झाला होता. मामानेच त्याला वाढवले, लगाम धरायला शिकवले.

त्या नगरीत एक रीत होती. रथाला कोणताही नवा भाग जोडण्यापूर्वी तो ग्रामदेवाच्या पायांशी ठेवायचा, आणि ज्याने घडवला त्याने हात जोडून म्हणायचे, "हे माझे नव्हे, तुझे." रथकार हे शब्द चाळीस वर्षे म्हणत आला होता.

त्या वर्षी पहिल्या दोन शर्यती त्यांनी जिंकल्या, तिसरी मात्र ते हरले. चौथीला एक महिना उरला होता, आणि ती होती कड्यावरच्या वाटेने. तेथे एक तीव्र वळण होते. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खोल दरी.

रथकार कामाला लागला. त्याने लाकडी कठड्याच्या जागी वेताचा बुटका कठडा विणला. मग दोन चाकांना जोडणारा नवा आस जुन्यापेक्षा वीतभर आखूड घडवला. रथ अरुंद झाला, हलका झाला. खैराचे लाकूड निवडण्यापासून ते तुळतुळीत करण्यापर्यंत त्या आसावर त्याने वीस दिवस घालवले होते. दोन्ही वस्तू त्याने देवापुढे ठेवल्या, नेहमीचे शब्द उच्चारले आणि दोन्ही एकदमच रथाला जोडल्या.

तळ्याभोवतीच्या वाटेवर चाचणी झाली; त्या वाटेवरही एक तीव्र वळण होते. तेथे वेळ मोजण्याचे काम देवळाच्या गुरवाचे. तो संथपणे नाम घेत जपमाळ ओढी, आणि जितके मणी सरत तितका वेळ. जुन्या रथाला एका फेरीला नव्वद मणी लागत. नव्या रथाने फेरी शहाऐंशी मण्यांत पुरी केली. शेवटच्या खुणेपाशी जमलेल्या लोकांनी गुलाल उधळला.

भाचा मात्र खाली उतरून आतल्या चाकापाशी वाकला.

"मामा, वळणावर आतलं चाक हलकं लागलं. क्षणभर जमिनीवर नसावं."

"आजवर माझ्या रथातून पडलास कधी?" रथकार दुखावला.

"एकदा पडलो होतो. पण तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आणि रथ उभा होता."

लोक हसले. रथकार हसला नाही.

"एक विनंती आहे," भाचा म्हणाला. "एक दिवस फक्त कठडा नवा ठेवू, आस जुना. दुसऱ्या दिवशी आस नवा, कठडा जुना. घोडे तेच, वाट तीच, वेळही सकाळचीच. आणि वळणावरची माती आधी भिजवून ठेवू. आम्ही कसे गेलो ते मातीच सांगेल."

रथकाराने नाखुशीने मान हलवली.

पहिल्या दिवशी नवा कठडा आणि जुना आस होता. शहाऐंशी मणी सरले. वळणावरच्या ओल्या मातीत दोन्ही चाकोऱ्या सलग उमटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जुना कठडा आणि नवा आस होता. पुरते नव्वद मणी सरले.

"बुवा, आज तुमचा हात भरभर चालला," रथकार गुरवावर चिडला.

"नामाला घाई कसली, रथकारदादा? ते कालही याच चालीने घेतलं होतं. कालचे मणी गोड लागले, आजचे कडू लागले, इतकंच."

"मग घोडे दमले असतील. वारा समोरून असेल."

भाचा मामाला वळणापाशी घेऊन गेला. बाहेरच्या चाकाची चाकोरी खोल रुतली होती. आतल्या चाकाची चाकोरी मध्येच थांबली होती, आणि चार हातांवर पुन्हा सुरू झाली होती. मधली माती अगदी कोरी होती.

"सरळ वाटेवर जे मिळवतो, ते इथं घोडे आवरण्यात जातं," भाचा म्हणाला. "कड्यावर आवरायला उशीर झाला तर?"

"लाकूड अजून बसलेलं नाही. चार दिवस जाऊ देत. खैर आहे तो, त्याला..."

"मामा," भाचा हलक्या आवाजात म्हणाला, "हा आस तुम्ही देवाला वाहिलात ना? मग आता कुणाची बाजू मांडताय?"

रथकार त्या कोऱ्या मातीकडे पाहत राहिला. चाळीस वर्षे म्हटलेले शब्द त्याला आज प्रथमच ऐकू आले. तो तसाच खाली बसला, बाह्या सारल्या, आणि वीस दिवस राबून केलेला आस स्वतःच्या हाताने सोडवू लागला. खिळा निघेना, तेव्हा भाच्याने हात लावला. दोघांनी मिळून जुना आस पुन्हा बसवला. वेताचा कठडा मात्र राहू दिला, कारण तो खरा उतरला होता.

चौथ्या शर्यतीच्या दिवशी लोक शेवटच्या खुणेपाशी जमले होते. रथकार तिकडे गेला नाही. तो कड्यावरच्या वळणापाशी खडकाला टेकून उभा राहिला. रात्रीच्या दवाने वाट ओलसर होती. धूळ नव्हती, फक्त टापांचा आवाज आला, वाढला, समोरून गेला आणि दूर विरला.

रथकार पुढे झाला. अनेक चाकोऱ्यांमधून त्याने आपल्या रथाची ओळखली. खडकाच्या बाजूच्या, आतल्या चाकाच्या रेघेवर बोट टेकवीत तो वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. रेघ कुठेही तुटली नव्हती. त्याने तेथेच मातीला डोके टेकवले.

थोड्या वेळाने भाचा घोडे चालवीत परत आला. "मामा, दुसरा आलो. अर्ध्या रथाने हुकलं."

"तू आलास ना?" रथकार म्हणाला. "झालं तर मग."

तो आखूड आस पुढे देवळाच्या मंडपात आडवा बसवला गेला, आणि त्याला घंटा टांगली गेली. तेथे तो फार चांगला शोभला.

तात्पर्य एवढेच, की जे काम आपण देवाला वाहिले, त्याची वकिली करण्याचा आपला हक्क संपतो; उरते ते निर्मळ मनाने त्याची पारख करणे, आणि उणे निघाले तर आपल्याच हाताने ते सोडवणे.