दुसरी हाक

त्या दिवशी वाफा खरंच रिकामा होता का, याची डॉ. अच्युत केळुसकरांना म्हातारपणी खात्री देता येईना. सर तसं म्हणाले होते, एवढं आठवत होतं. बहुधा.

"पण या नव्या रक्तवाहिन्या पाझरतात कशामुळे, सर?" तरुण अच्युत विचारत होता.

शरीरशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक भोईटे सर फलटणजवळच्या मळ्यात वाफ्यांना पाणी देत होते. अच्युत पुण्याहून धावत आला होता. उत्तर सापडलं नाही, तर चार वर्षांचा प्रबंध बुडणार होता.

"प्राणवायू कमी पडला की मांस निरोप धाडतं. तो पोचला की शेजारच्या रक्तवाहिनीला नवी फांदी फुटते. तो निरोप मी शोधलाय, सर! उंदरांच्या पायांत वाढवूनही पाहिला. वाहिन्यांचं नुसतं रान माजलं. पण सगळ्या पाझरतात. पाय सुजून भोपळा होतो."

"हुशार आहेस. हे खोरं धर."

"सर, माझा प्रबंध..."

"मी खाली जातो. 'सोड' म्हटलं की माती ओढ. कान उघडे ठेव."

सर शेवटच्या वाफ्याकडे गेले.

"सोड!"

अच्युतने माती ओढली. पाणी धावलं. मग त्याने खिशातून उंदरांचे फोटो काढले...

मान वर केली तेव्हा खालचा वरंबा फुटला होता. सर चिखल तुडवत येत होते.

"पहिली हाक ऐकलीस?"

"हो, सर."

"आणि दुसरी?"

"...दुसरी होती?"

"'पुरे' म्हणून तीनदा मारली, शहाण्या. तुझ्या वाहिन्यांना कुणी मारली का?"

अच्युतने फोटो खिशात ठेवले. मग म्हणाला, "वाफ्यात काही होतं का?"

"रिकामा होता रे. चल, चहा घेऊ."

अच्युतने मुदत वाढवून घेतली. दुसरा निरोप सापडला. वाहिनीला बाहेरून बिलगलेल्या पेशी तिला सांगत असतात, आता पुरे, भिंत पक्की कर. तो मिळाला आणि उंदरांची सूज उतरली.

आभार मानायचे मात्र राहूनच गेले. सर गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो सरांच्या पत्नी मालनकाकूंच्या पाया पडायला गेला, तेव्हा त्याने वाफ्याचं विचारलं.

"रिकामा?" काकू हसल्या. "अरे, आदल्याच दिवशी कांद्याचं बी टाकलं होतं त्यात. अख्ख्या हंगामाचं. मी कटकट केली, तर म्हणाले, 'वाहून कुठं गेलंय? पुण्याला गेलंय.'"