निवडलेल्याचं नाव

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला नावाने हाक मारली आणि मामंजी गरजले, "आमच्या घरात सुना नवऱ्याचं नाव घेत नाहीत!" मी मान डोलावली.

पुढे निवडणुकीला त्यांचा पुतण्या उभा राहिला. गुप्त मतदानावर मामंजींचा फार विश्वास, म्हणूनच दारात बसून मत देऊन येणाऱ्या घरातल्या प्रत्येकीला ते विचारत होते, "कुणाला दिलंस?" दुसरं नाव निघालं तर रवानगी माहेरी. सासूबाईंनी निमूट पुतण्याचं नाव सांगितलं.

मग माझी पाळी आली.

"मामंजी, तुमचे चिरंजीव माझ्यासाठी तुम्ही निवडलेत, तरी मी त्यांचं नाव घेत नाही. मग ज्याला मी स्वतः निवडलं, त्याचं कसं घेऊ?"

मामंजी सासूबाईंकडे वळले. "बघितलंस?"

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "मी मघाशी बिनदिक्कत नाव घेतलं, त्यावरूनच माझं मत ओळखायला हवं होतंत."